मांगीलाल पायी निघतो

शेलूबाजारात कोणाला मांगीलालचं कापडाचं दुकान विचारलं, तर लोक बोट दाखवत नसत, हवेत हातानं एक मोठा गोल काढत. एवढं पोट जिथं बसलेलं दिसेल तिथं थांबायचं. बाकीचा मांगीलाल त्या पोटाभोवती कसाबसा जमवलेला होता. हात काटकुळे, पिंढऱ्या बारीक, मान तर कोंबडीची, आणि मधोमध मांडीवर येऊन विसावलेला हा ऐवज. दिवसभर तो गादीवर मांडी घालून बसे आणि तागे काढून द्यायला नोकर होता, त्यामुळं त्या पोटाला उठायचं काही कारणच पडत नसे.

हा माणूस लहानपणी काडी होता म्हटलं तर कोणाला खरं वाटायचं नाही. पण होता. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्याचे वडील आणि दोन बहिणी गेल्या, आणि जे गेले ते सगळे हडकुळे होते, अशी त्याच्या आईची पक्की समजूत झाली. उरलेल्या एका पोराला तिनं खाऊ घालायचा सपाटाच लावला. तिच्या हातून ते काही साधलं नाही. मग सूरजबाई सून म्हणून आली, तेव्हा पहिल्याच दिवशी सासूनं तिला चुलीपाशी बसवून सांगितलं, "बाई, दागिने-बिगिने सारं तुयंच हाये. पन माह्या पोराचं पोट पाठीले लागू देऊ नोको."

घरची बोली मारवाडी होती, पण तीन पिढ्या वऱ्हाडात गेल्यावर मनातलं बोलायचं आणि भांडायचं ते वऱ्हाडीतच, असा त्या घराचा रिवाज पडला होता. सूरजबाईनं सासूचा शब्द मनावर घेतला. तुपात बुडवलेल्या बाट्या, सणाला लापशी, सण नसला तर शिरा, आणि उन्हाळाभर साखरेचं सरबत. दहा-बारा वर्षांत नवऱ्याला पोट आलं आणि सासूनं समाधानानं डोळे मिटले. ते पोट म्हणजे सूरजबाईच्या हातची कमाई होती. गिऱ्हाईकही ते बघून खूश असे. ज्याला स्वतःला पोटभर मिळतं तो माप कशाला मारेल, असं तांड्यावरच्या बायका म्हणत.

जवळच्या तांड्यावरचा लखीराम हा मांगीलालचा दोस्त. बंजारा माणूस, गाडीवान, मटण खाणारा आणि दारूला नाही न म्हणणारा. मांगीलाल जैन, मुंगीला वाट देणारा. दोघांचं जमलं कसं ते विचारू नका, जमतं एखाद्याचं. लखीराम दुकानात टेकला की पोटाची चौकशी आधी करी, मग मांगीलालची. "शेट, बाजाराच्या दिवशी उताना झोपत जाय गा. पोटावर लुगडी मांडता येतीन."

या पोटवाल्या माणसाला एकच मूल, हीरा. उशिरा झालेली. ती वीस वर्षांची झाली आणि त्यानं स्थळं बघायला सुरुवात केली, तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं की तिला दीक्षा घ्यायची आहे. साध्वी व्हायचं, केस उपटून टाकायचे, पांढरी वस्त्रं नेसायची आणि जन्मभर अनवाणी गावोगाव चालायचं. गाडी नाही, घोडं नाही, घर नाही.

आईबापाची आज्ञा असल्याशिवाय दीक्षा मिळत नाही. म्हणजे मांगीलालच्या हातात 'नाही' एवढं एकच हत्यार होतं आणि ते त्यानं वर्षभर चालवलं. हीरा भांडली नाही, रुसली नाही. सकाळी त्याच्यापुढं ताट ठेवायची आणि बाजूला उभी राहायची. तिच्या त्या उभं राहण्यानं तो हरला. वऱ्हाड मध्य प्रदेशातून सुटून मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी फाल्गुनात त्यानं तिला गादीपाशी बोलावलं.

"आज्ञा देतो," तो म्हणाला. पण व्यापारी माणूस, काहीच न घेता माल हातचा सोडायचा कसा? "एक गोष्ट मले दे. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तुमचा पयला विहार होईन नं, त्यात मी तुया मागं पायी चालीन. मुक्कामापर्यंत. तेवढं झालं की मी काही मांगनार नाई."

साध्वी एका गावाहून दुसऱ्या गावाला पायी जातात तो विहार. गावची माणसं थोडं अंतर पोचवायला जातात, ही रीतच आहे. पण दीक्षा झाल्यावर बाप हा बाप राहत नाही, हजार घरसंसारी श्रावकांमधला एक होतो. मांगीलालला हे ठाऊक होतं. पोर जन्मभर चालणार, त्यातली पहिली वाट तरी तिच्यासोबत चालावी, एवढंच त्याला हवं होतं. वीस वर्षांत तो तिच्यासोबत वेशीपर्यंतसुद्धा कधी चालला नव्हता, गादी सुटत नव्हती ना.

हीरा म्हणाली, "चाला बापूजी." दीक्षा मार्गशीर्षात, चातुर्मास आटोपल्यावर, शेलूबाजारातच करायची ठरली.

आणि वैशाखात एका सकाळी मांगीलाल उठला तो बोंबलतच. उजव्या पायाचा अंगठा मिरचीसारखा लाल झाला होता आणि सांध्यावर सुपारीएवढी सूज. सूरजबाईनं अंगावरची चादर सारखी करायला घेतली, तर तिचा पदर अंगठ्याला लागला आणि तो लेकरासारखा रडला. जन्मभर कापड विकलेल्या माणसाला मलमलीचा स्पर्श सोसेना. मंगरूळच्या वैद्यबुवांनी पाहून सांगितलं, वातरक्त. "याला आढ्यवातही म्हणतात. म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणसाचा रोग." असलं सुख वैऱ्यालाही मिळू नये, असं मांगीलाल दात आवळून म्हणाला. काढा झाला, लेप झाला. आठ-दहा दिवसांनी सूज आपल्या मनानं उतरली, जेठात पुन्हा आली. तेव्हा मात्र लखीरामनं त्याला गाडीत घातलं आणि अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं अंगठा पाहिला आणि विचारलं, "मटण किती खाता?"

मांगीलालनं कानांवर हात ठेवले.

"दारू?"

"डाक्टरसाहेब, आमी कांदासुद्धा खात नाई."

दारात उभा असलेला लखीराम म्हणाला, "साहेब, ते दोन्ही मी खातो-पितो. माह्या पायाले काई झालं नाई."

डॉक्टर हसला. मग त्यानं फीत मागवली आणि मांगीलालच्या बेंबीवरून घेर मोजला. आयुष्यभर दुसऱ्यासाठी कापड मोजणारा माणूस पहिल्यांदाच स्वतः मोजला जात होता, आणि त्याला उगाच लाज वाटली.

"रक्तात यूरिक ॲसिड नावाचा क्षार असतो," डॉक्टर सांगू लागला. "शरीर तो रोज तयार करतं आणि लघवीवाटे रोज बाहेर टाकतं. तुमचा बाहेर जायचा तो आतच साठतोय आणि खड्यांसारखा सांध्यात बसतोय. मटण-दारूनं होतं हे, पण फक्त त्यानंच नाही. हल्ली बाहेरदेशचे डॉक्टर म्हणू लागलेत की मांडीवरची चरबी वेगळी आणि पोटावरची वेगळी. पोटाची जास्त घातक. तुमच्यासारखे, हातपाय बारीक आणि पोट मोठं असलेले, मीही बरेच पाहिले. त्यांच्यात हा क्षार वाढलेला सापडतो. का, ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही."

मग त्यानं दुखणं उठलं तर घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "पोट कमी करा. हळूहळू. वर्ष-दोन वर्षं लागली तरी चालेल. तूप-साखर तोडा, रोज थोडं चाला, पाणी भरपूर प्या."

डॉक्टरनं सगळं सांगितलं होतं, त्याला बोल लावायला जागा नाही. पण मांगीलालच्या कानात राहिलं ते एवढंच, की पोट कमी करा. 'हळूहळू' हा शब्द त्याच्या कामाचाच नव्हता. त्याच्याजवळ मार्गशीर्षापर्यंतचा वेळ होता.

घरी आल्यावर त्यानं सूरजबाईला सगळं सांगितलं. ती परातीतल्या पिठात हात तसेच ठेवून बसून राहिली.

"म्हंजे माह्या हातानं झालं हे?"

"तुयं काय त्यात वं? मायनं सांगतलं, तू केलं."

"तूप मी वाढलं नं." ती रडली, हुंदका गिळून परत रडली. दुसऱ्या दिवसापासून ती कोरडी भाकर वाढू लागली. त्याच्यानं ती गिळवेना आणि तिच्यानं ते बघवेना. मग भाकरीला थोडंसं तूप, मग थोडं आणखी. तीस वर्षांची सवय एका रोगाला घाबरून थोडीच जाते! रोज चालण्याचं म्हणाल तर अंगठा पुन्हा उठेल या धाकानं तो दुकानाच्या पायऱ्याही मोजून उतरत होता. पोट होतं तिथंच राहिलं, आणि श्रावण संपत आला.

तेव्हा मांगीलालला त्याच्या माणसांचा उपाय सुचला. तुम्हाआम्हाला सुचला नसता. पर्युषणात, जैनांच्या व्रताच्या आठ दिवसांत, अठ्ठाई करायची. सलग आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. पोट जाईल आणि तपानं कर्मही जळतील. एका दगडात दोन कामं. शिवाय संघात मान. साध्वी उतरल्या होत्या त्या स्थानकात महासतीजींसमोर, म्हणजे साध्वींमधल्या वडीलधाऱ्यांसमोर, हात जोडून त्यानं शपथ घेतली तेव्हा संघाचे प्रमुख पूनमचंदजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धन्य हाये मांगीलालची. एवढं खानारा मानूस, पाहा!"

पोट उतरलं. खरंच उतरलं. धोतराची गाठ सैल झाली, चेहऱ्यावर एक तेज आल्यासारखं दिसू लागलं आणि बाया त्याच्या पाया पडून जाऊ लागल्या. पाचव्या दिवशी अंगठ्यात ठणका सुरू झाला. तो त्यानं कोणाला सांगितला नाही. उपवासात गोळी चालत नाही, आणि सूर्य मावळल्यावर घसा कोरडा पडला तरी पाणी नाही. सातव्या दिवशी पाऊल जोड्यात जाईना, तेव्हा हीरानं ते पाहिलं.

"बापूजी, पारनं करून घ्या. मी महासतीजीले इचारते."

"काई इचारू नोको. आतलं कर्म बाहेर निघून राह्यलं," तो घामानं निथळत म्हणाला. "निघू दे. तुया विहारापर्यंत पाय मोकळा होते."

 ती स्वतःही हेच मानत होती. त्या घरात, त्या संघात, त्या साऱ्या आळीत उपवासानं वाईट होईल असं म्हणणारं एक तोंड नव्हतं. फक्त लखीराम पारण्याच्या दिवशी येऊन म्हणाला, "मांग्या, गाडीले जुपायच्या आंधी बैलाले कोनी उपाशी ठेवते काय गा?" लोक हसले. बंजारा माणूस, त्याला तपातलं काय कळणार!

पाय पुढं बरा झाला. आश्विन गेला, कार्तिक गेला, एकदाही उठला नाही. मांगीलालनं त्याचा अर्थ आपल्या मनाजोगा लावला. अठ्ठाईनं रोग तुटला. पण लोकांच्या कौतुकाच्या पारण्यांनी आणि दीक्षार्थी मुलीच्या मानाच्या जेवणांनी पोट पुन्हा होतं तसं भरून आलं होतं. आज या घरी हीराला बोलावणं, उद्या त्या घरी, आणि सोबत बाप. सूरजबाई म्हणे, जेवू द्या त्यांना, आता पोरीसोबत एका पंगतीत किती दिवस बसायचे आहेत! तेही खरंच होतं.

दीक्षा दोन-तीन दिवसांवर आली तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टरनं घेर मोजला होता तो आठवला. वाटेत पाय उठला तर? म्हणून त्यानं तेला करायचं ठरवलं. सलग तीन उपवास, दीक्षेच्या दिवशी तिसरा. विहाराला निघायचं ते हलक्या पोटानं आणि जळालेल्या कर्मानं. पोरीच्या तपाला बापाच्या तपाची जोड. याहून चांगलं ते काय, असं सगळेच म्हणाले. मलाही त्याचा राग येत नाही. राग यावा असं त्यात कोणीच काही केलं नव्हतं.

दीक्षेच्या दिवशी मिरवणूक निघाली, हीरा गाडीतून तांदूळ उधळत गेली आणि मांगीलाल गाडीचा दांडा धरून लंगडत चालला. मांडवात पोचेपर्यंत त्याला दोघांनी धरलं होतं. हीराचे केस उतरले, रंगीत लुगडं गेलं, पांढरी वस्त्रं आली, तोंडावर पांढऱ्या कापडाची मुहपत्ती बांधली. तिला नवं नाव मिळालं. ते मांगीलालच्या जिभेवर काही केल्या बसेना. तो खुर्चीत होता आणि पायावर टाकलेलं उपरणंसुद्धा त्याला निखाऱ्यासारखं लागत होतं.

त्यानं अकोल्याच्या डॉक्टरला हौसेनं बोलावलं होतं. डॉक्टर दुपारी आला, मांडवामागं त्याला बसवून त्यानं पाऊल उघडं केलं आणि विचारलं, "काय खाल्लंत?"

"काईच नाई," मांगीलाल म्हणाला. "तीन दिस झाले."

डॉक्टरनं पाऊल हळूच खाली ठेवलं. "उपाशी राहायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच त सांगतलं. पोट कमी करा."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. मग अगदी हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं, त्यानं सांगितलं. माणूस असा एकदम उपाशी राहिला की शरीर घरातलीच चरबी जाळायला घेतं. त्या जळण्यातून निघालेलं आंबट द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढण्यात गुंतून पडतात. क्षाराला वाट मिळत नाही. वरून पाणी कमी. क्षार होता त्याहून वाढतो आणि सांध्यात उतरतो. "पर्युषणात उपास केलात तेव्हाही उठला होता का?"

सूरजबाई तोंडाला पदर लावून उभी होती. तिनंच मान डोलावली.

"गोली द्या," मांगीलाल म्हणाला. "माहा उपास मोडतो मी. पाप लागलं तरी चालते. सकाळी मले चालाचं हाये."

त्याच्या तोंडून हे ऐकून सूरजबाई दचकली. पण डॉक्टरनं नकारार्थी मान हलवली. "आता घेतली तरी दोन-तीन दिवस हा पाय जमिनीला टेकायचा नाही. घ्या, पण उद्या चालायचं विसरा."

"दोन दिस विहार थांबवता येते काय?" मांगीलालनं पूनमचंदजींना विचारलं. पूनमचंदजींनी महासतीजींना विचारलं. पुढच्या गावी संघ वाट बघत होता, तिथं हीराच्या मोठ्या दीक्षेचा, म्हणजे दीक्षा पक्की करायच्या विधीचा, मुहूर्त ठरला होता. एका श्रावकाच्या पायासाठी साध्वी थांबत नाहीत. महासतीजी वाईट नव्हत्या, त्यांनी त्याला समाधानाचे चार शब्दही सांगून पाठवले. त्या शब्दांचं त्यानं काय करायचं!

सकाळी सूर्य उगवता साध्वी निघाल्या. मंगरूळची वाट मांगीलालच्या दुकानावरून जात होती. लखीरामनं गाडी आणली होती. "बस, मागंमागं नेतो." पण साध्वींच्या निमित्तानं बैल जुंपायचे म्हणजे बैलांच्या कष्टाचं पाप हीराच्या माथी. मांगीलालनं हात जोडले. लखीरामनं पाठ पुढं केली, "मंग माह्यावर बस." तेही तो नको म्हणाला. दुसऱ्याच्या पायांनी चालायचं असं त्यानं कबूल केलं नव्हतं.

हीरा ओट्यासमोर आली आणि थांबली. मांगीलालनं उठायचा प्रयत्न केला, अर्धा उठला आणि खाली बसला. साध्वीला वंदन करायचं तर उभं राहावं लागतं, वाकावं लागतं. त्याला दोन्ही जमेना.

"म्या शब्द नाई पाळला," तो म्हणाला. "हीरा... म्हाराजसाहेब, म्या चालनार होतो."

तिच्या मुहपत्तीवरचे डोळे क्षणभर त्याच्या पावलावर थांबले. मग, कोणत्याही गावच्या कोणत्याही श्रावकाच्या वंदनाला उत्तर द्यावं तसं, ती म्हणाली, "दया पालो." आणि पुढं निघाली. ती याहून काही म्हणू शकत नव्हती. कालपर्यंत म्हणू शकत होती.

तिच्यामागं संघाची माणसं निघाली आणि त्यांच्यात सूरजबाई. घरचं म्हणून ती एकटीच. मुक्कामापर्यंत जायचं, पोरीला तिथल्या स्थानकात बसलेली बघायचं आणि सांजेला परतायचं, असं तिचं ठरलं होतं.

माणसं वीसेक हात पुढं गेली असतील. मांगीलाल बसल्या बसल्या ओट्याच्या कडेला सरकला, खाली उतरला आणि गुडघे टेकून रस्त्यावर आला. दोन्ही हात मुरमात, दोन्ही गुडघे मुरमात, आणि अंगठा मागं फरफटत. तो रांगू लागला. लखीराम "अबे मांग्या!" म्हणत धावला, त्याला त्यानं कोपरानं दूर लोटलं. रांगायला हात-गुडघ्यांमध्ये जागा लागते आणि मांगीलालच्या पोटानं तेवढीही ठेवली नव्हती. पोट जमिनीला घासत होतं. चार हात गेला की तो थांबे, धापा टाकी, परत निघे. दुकानांच्या दारांत माणसं उभी राहिली. हसलं कोणीच नाही. 

पुढच्या माणसांत कुजबुज झाली. साध्वींनी चालताना वाटेवर नजर ठेवायची असते, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. हीरा खाली बघत चालत राहिली. सूरजबाईनं मात्र मागं वळून पाहिलं.

ती मध्येच उभी राहिली. एकदा तिनं पुढं पांढऱ्या वस्त्रांकडं पाहिलं, एकदा मागं. मग ती मागं आली, जवळजवळ धावतच, आणि धुळीत बसून तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"तू काहून आली वं?" तो ओरडला. त्याच्या तोंडात माती गेली होती. "जाय ना! मी नाई त तू तरी जाय!"

"कशी जाऊ?" ती म्हणाली. "तुमाले असं टाकून कशी जाऊ?"

"पोरीसंगं कोनीच नाई आपल्या घरचं. जाय, सूरज, पाया पडतो तुया. जाय!"

ती उठली नाही. ती त्याच्या कपाळावरची माती पदरानं पुसत राहिली आणि तो तिला लोटत राहिला. मंगरूळच्या वाटेवर पांढरी वस्त्रं वळणापाशी पोचली, वळली आणि दिसेनाशी झाली.